अंबा : एका नावाचा अर्थ आणि नाव ठेवणाराचे ऋण

मुलीचे नाव ठेवताना त्या नावाचा अर्थ काय, हे विचारून घेण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु तो अर्थ नेमका कोणास बांधतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. सुशीला असे नाव ठेविले म्हणजे मुलीने सुशील असावे, शांता म्हटले म्हणजे तिने शांत राहावे, असे आपण न बोलता गृहीत धरतो, आणि नावास न शोभणारे वर्तन तिच्याकडून घडले तर तेच नाव टोमण्यासाठी वापरतो. नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत मराठीने एका मात्रेपुरतेच अंतर राखले आहे, हे काही उगाच नव्हे. बारशाच्या दिवशी आत्याने कानात सांगितलेला शब्द म्हणजे त्या मुलीवर लादलेले एक कर्तव्य, अशी ही सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत खरी आहे, याचा विचार एका जुन्या नावाच्या आधाराने करावयाचा आहे. ते नाव अंबा. या नावाने व या नावाच्या देवीने ओळखले जाणारे एक नगर मराठवाड्यात, बीड जिल्ह्यात आहे. आणि या नावाचा अर्थ आज जेथे सर्वात कठीण कसोटीस लागला आहे, असा प्रदेशही तोच आहे.

प्रथम एका आक्षेपाचा विचार करू. विशेषनामास अर्थच नसतो, असे म्हणणारा पक्ष लहान नाही. पतंजलीने महाभाष्यात शब्दांचे जे चार प्रकार सांगितले, त्यांत जाती, गुण आणि क्रिया यांच्यामागून यदृच्छाशब्द येतात. म्हणजे केवळ बोलावणाराच्या इच्छेने चिकटविलेले शब्द. इंग्लंडात जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात जवळजवळ हेच प्रतिपादन केले : विशेषनाम ही केवळ खूण होय, तिच्यातून वस्तूचा कोणताही गुण सांगितला जात नाही. याच्या उलट, सर्व नामे धातूंपासूनच निघाली, असा शाकटायनाचा पक्ष यास्काने निरुक्तात मांडून त्याचे समर्थन केले आहे. प्लेटोच्या क्रॅटिलस या संवादातही हाच वाद आहे. तर्कदृष्ट्या पाहता मिलचे म्हणणे खोडणे कठीण आहे. अंबा नावाची बाई आई असेलच असे नाही, आणि लक्ष्मीच्या घरी दारिद्र्य असू शकते. तथापि या पक्षाने नाव धारण करणाराचा विचार केला आहे, नाव ठेवणाराचा केलेला नाही. खूण अर्थशून्य असेल. पण खूण करणारा हात हेतुशून्य नसतो. तेव्हा नावाचा अर्थ शोधावयाचा तर तो नाव ठेवणाराच्या मनात शोधला पाहिजे.

आता शब्दाकडे वळू. अंबा हा संस्कृतातील अति प्राचीन शब्द असून त्याचा अर्थ आई. ऋग्वेदात सरस्वतीस मातांमध्ये श्रेष्ठ असे संबोधिले आहे, ते याच शब्दाच्या एका रूपाने. कृत्तिकांची जी सात नावे तैत्तिरीय ब्राह्मणात येतात, त्यांत पहिले अंबा हे आहे. द्राविड भाषांतील अम्मा हा शब्द त्याच्या इतका जवळचा आहे की, कोणी कोणाकडून घेतला हा वाद घालण्यापेक्षा दोन्ही शब्द बालकाच्या ओठांवरच जन्मले असे मानणे अधिक सोयीचे वाटते. कारण ओठ मिटून उघडले म्हणजे जो पहिला ध्वनी निघतो, तोच जगातील बहुतेक भाषांत आईच्या वाट्यास आला आहे. या शब्दाविषयी पाणिनीने एक स्वतंत्र सूत्र रचिले आहे. आई या अर्थाच्या शब्दांचा अन्त्य स्वर संबोधनात ऱ्हस्व होतो, असा तो नियम. अंबा या शब्दाचे संबोधन अंब असे होते, आणि त्याच नियमाखाली वृत्तिकारांनी अक्का हा शब्दही उदाहरणादाखल दिला आहे, जो आपण मराठीत आज थोरल्या बहिणीस लावितो. मालेचे संबोधन माले, सीतेचे सीते. पण अंबेचे मात्र अंबे असे न होता अंब! व्याकरणाने येथे एक मोठी गोष्ट टिपून ठेविली आहे. हा शब्द वर्णन करण्याकरिता नव्हे, तर हाक मारण्याकरिता निर्माण झाला. हाकेची निकड अशी की दीर्घ स्वर उच्चारण्याइतकाही धीर बालकास नसतो.

यावरून अंबा या नावाचा खरा अर्थ जन्म देणारी एवढाच निघत नाही; जिला संकटात हाक मारावी ती, असा निघतो. हे केवळ शब्दांचे खेळ नव्हेत, हे आपल्या वारकरी संप्रदायाच्या भाषेवरूनही दिसेल. ज्ञानेश्वर अविवाहित राहिले, ऐन तारुण्यात त्यांनी समाधी घेतली, आणि तरीही सारा महाराष्ट्र त्यांना माउली म्हणतो. विठ्ठलाची विठाई होते. ज्या भाषेत पुरुषासही आईपण देता येते, त्या भाषेत आईपण हा गर्भाशयाचा धर्म नसून आधार देण्याचा धर्म आहे, हे उघड आहे.

अंबाजोगाई हे नावही याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. योगेश्वरीची जोगेश्वरी झाली आणि जोगेश्वरीची जोगाई. यात्रेची जत्रा व्हावी, योग्याचा जोगी व्हावा, तसाच हा बदल. शेवटी आई हा प्रत्यय लागला, जो तुकाई, यमाई, मुक्ताई या नावांत आहे. म्हणजे अंबाजोगाई या एका शब्दात आई दोनदा आली : आरंभी संस्कृत आणि अंती मराठी. निजामाच्या राजवटीत या गावास मोमिनाबाद असे दफ्तरी नाव होते. लोकांच्या तोंडी मात्र जुने नाव टिकले, आणि हैदराबाद संस्थान १९४८ साली विलीन झाल्यानंतरच्या काळात तेच पुनः रूढ झाले. विवेकसिंधूचे कर्ते मुकुंदराज यांची समाधी येथे दाखवितात. आपला गीतेवरील प्रचंड ग्रंथ आणि कापडावर लिहिलेली ती विख्यात पासोडी मागे ठेवून दासोपंत येथेच समाधिस्थ झाले. मराठी ग्रंथरचनेच्या बाल्याशी या गावाचे नाते सांगितले जाते, हेही आई या शब्दास साजेसेच आहे.

परंतु या आईची कथा ऐकली म्हणजे वाचकास आश्चर्य वाटेल. योगेश्वरी ही कुमारिका आहे. तिचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला होता; वऱ्हाड निघाले; पण लग्नघटिका टळून गेली, वऱ्हाडी मंडळी शिळा होऊन राहिली, आणि देवी अविवाहितच येथे स्थिर झाली, अशी लोककथा आहे. जयंती नदीच्या काठी खडकात कोरलेले जे जुने लेणे आहे, त्यास लोक हत्तीखाना किंवा जोगाईचे मंडप म्हणतात. मांडव घातला गेला, पण लग्न झाले नाही, ही आठवण त्या नावात राहिली आहे. परळीचे देवालय आणि हे देवालय यांत अंतर अवघे काही कोसांचे. पण ते अंतर कथेने कायमचे करून ठेविले. कोकणातील कित्येक घराणी या देवीस कुलस्वामिनी मानतात आणि लग्नकार्यानंतर तिच्या दर्शनास दूरवरून येतात. जिचे स्वतःचे लग्न झाले नाही, तिच्या पायांशी नवी जोडपी बसतात. आणि जिला मूल नाही, तिला सारे आई म्हणतात. लोकमानसाने ही विसंगती कधीच दूर केली नाही, कारण त्यास ती विसंगती वाटलीच नसावी.

महाभारतातील अंबेची कथा याहून कठोर आहे. काशिराजाच्या तीन कन्या, अंबा, अंबिका आणि अंबालिका. तिघींच्याही नावांत आई हाच अर्थ. भीष्माने स्वयंवरातून तिघींनाही रथावर घातले. अंबेने मनाने शाल्वास वरिले होते, ते तिने स्पष्ट सांगितले, आणि भीष्माने तिला शाल्वाकडे जाऊ दिले. परंतु दुसऱ्याने जिंकून नेलेली स्त्री म्हणून शाल्वाने तिला नाकारले, आणि आपल्या प्रतिज्ञेकडे बोट दाखवून भीष्मानेही नाकारले. पुढे ती तपाने अर्धी नदी झाली, अग्नीत शिरली, आणि शिखंडीच्या रूपाने भीष्माच्या मृत्यूस कारण झाली. उरलेल्या दोघींस पुत्र झाले खरे. पण ते नियोगाने, सासूच्या आज्ञेने, आणि व्यासांना पाहून एकीने डोळे मिटले व दुसरी पांढरी पडली, असे ग्रंथकारच सांगतो. तिघींचे नाव आई. एकीस आई होऊ दिले नाही, दोघींस इच्छेविरुद्ध आई केले. नावाचा अर्थ मुलीने खरा करून दाखवावा, असे म्हणणारांनी या तीन बहिणींकडे पाहावे. नावाचा अर्थ येथे खोटा ठरला तो मुलींमुळे ठरला नाही. ज्यांनी त्यांना त्या नावाने हाक मारिली, त्यांनी तो खोटा ठरविला.

येथे माझा मुख्य सिद्धान्त येतो. नाव हे नाव घेणाराने दिलेले वचन आहे; नाव धारण करणारीने दिलेले नव्हे. बारशाच्या दिवशी मुलीस वाचा नसते, संमती देण्याचे सामर्थ्य नसते. जो करार एका पक्षाने दुसऱ्याच्या अज्ञानावस्थेत केला, त्याचा बोजा करणारावरच पडला पाहिजे, हे साधे न्यायाचे तत्त्व होय. मुलीस अंबा म्हणणे म्हणजे, "तू आमचा आधार हो," अशी तिला आज्ञा करणे नव्हे. "जिला हाक मारावी अशी तुझी योग्यता आम्ही मानतो, आणि तुझी हाकही ऐकू," असे आपण स्वतःस बांधून घेणे होय.

हे तत्त्व पटण्यासाठी दुसऱ्या प्रकारची नावे पाहावी. मुले जगत नसली म्हणजे पुढल्या मुलास धोंडू, दगडू, केरू अशी नावे ठेवण्याची जुनी रीत आहे. नावाचा शब्दार्थ हीन. पण हेतू असा की मृत्यूची दृष्ट लागू नये, मूल राहावे. याउलट, मुलीमागून मुलगी झाली म्हणजे तिचे नाव नकुशी किंवा नकोशी ठेवीत. हेतू असा की हिच्यामागून आणखी मुलगी येऊ नये. धोंडू आणि नकुशी, दोन्ही नावे हलकी; पण एक नाव मूल जगावे म्हणून आणि दुसरे तिच्यासारखे मूल पुनः जन्मू नये म्हणून. शब्दकोशात पाहिले तर दगड हा शब्द नको या शब्दाहून बरा नाही. तरी धोंडूस आपल्या नावात आईबापांची माया वाचता येते, नकुशीस काय वाचता येईल? सातारा जिल्ह्यात २०११ सालच्या ऑक्टोबरात अशा अडीचशेहून अधिक मुलींस समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. हे कृत्य स्तुत्य खरे. परंतु जे मन नकुशी म्हणाले ते मनही त्या दिवशी बदलले किंवा कसे, यावरच नव्या नावाचा अर्थ अवलंबून राहणार.

आणि आता बीडकडे परत येणे भाग आहे. २००१ सालच्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ साली त्या ८०७ झाल्या. निसर्गाच्या हिशेबाने ही संख्या साडेनऊशेच्या आसपास असावयास पाहिजे. गर्भाचे लिंग जाणण्यास बंदी करणारा कायदा महाराष्ट्राने देशात प्रथम, १९८८ साली केला. अखिल भारतीय कायदा १९९४ चा. म्हणजे कायदा नव्हता असे म्हणावयास जागा नाही. ज्या परळीस देवीचे वऱ्हाड पोहोचले नाही, असे कथा सांगते, त्याच परळीत २०१२ साली बेकायदा गर्भपातात एका स्त्रीचा प्राण गेला, आणि त्याबद्दल २०१९ साली न्यायालयाने दोषींस दहा वर्षांची शिक्षा सुनावली. नकुशीस निदान नाव तरी मिळाले होते. या मुलींस तेही मिळाले नाही.

जन्मून मोठ्या झालेल्यांची गोष्ट वेगळी नाही. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे गाव सोडून पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात साखर कारखान्यांच्या फडांवर जातात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती नवरा-बायको या जोडीची मिळून, आणि त्या जोडीस नाव आहे कोयता. एक कोयता म्हणजे दोन माणसे. एक दिवस खाडा झाला तर मजुरी बुडते, आणि वर दंडही भरावा लागतो. पाळीचे दिवस, बाळंतपण, दुखणे, सारे खाड्यातच मोडते. या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याची ओरड झाल्यावर राज्य शासनाने २०१९ साली समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली; म्हणजे सहांत एक, असे ढोबळ प्रमाण पडते. त्यांत खरोखर आजारी असलेल्या काही असतीलच. परंतु अस्वच्छता, अखंड श्रम, कर्करोगाची घातलेली भीती आणि खाड्याचा धाक यांनी मिळून हा आकडा घडविला, हे कोणीही समजू शकेल. ज्या मुलुखात देवीस दोनदा आई म्हणतात, तेथे बाईचे नाव कोयता होते, आणि आईपणाचा अवयव हा कामातील अडथळा ठरतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, दारिद्र्याने घडविलेल्या गोष्टीस नावाच्या अर्थाशी जोडणे हा केवळ वाक्चातुर्याचा भाग आहे. पाणी द्या, गावात काम द्या, मग सारे आपोआप सुधारेल. पाणी व काम पाहिजे, यात वाद नाही, आणि फडावरील स्त्रीस नीतीचा उपदेश करणे हे निर्लज्जपणाचे होईल. परंतु गर्भातील मुलीचे लिंग पाहून घेणारे सारेच दरिद्री नसतात. त्या तपासणीस पैसा लागतो. शिवाय दारिद्र्याचा भार जोडीतील एकीच्याच देहावर का पडावा, याचे उत्तर पाण्याच्या टंचाईत सापडत नाही. ते आपण तिला काय समजतो, म्हणजेच कोणत्या नावाने हाक मारतो, यात सापडते.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. स्त्रीस देवी, आई म्हणून चढवून ठेवण्यानेच तिची हानी झाली. तिला केवळ माणूस म्हणा, म्हणजे पुरे. या म्हणण्यात तथ्य पुष्कळ आहे. मनुस्मृतीत मुलींच्या नावांविषयी जो नियम आहे, तो पाहिला म्हणजे हे पटते : नाव सुखाने उच्चारता यावे, क्रूर नसावे, अर्थ स्पष्ट असावा, मनोहर व मंगल असावे, शेवटचा स्वर दीर्घ असावा. यातील एकही अट मुलीच्या सोयीची नाही. सगळ्या बोलावणाराच्या सुखाच्या आहेत. आणि लग्नात तेही नाव काढून घेण्याची चाल आपल्याकडे होतीच. ताटातील तांदळांत अंगठीने नवे नाव लिहिले, की जुने संपले. आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या, रमाबाई रानडेही माहेरी यमुनाच होत्या. दोघींनी नव्या नावांस कीर्ती मिळवून दिली, हा त्यांचा पराक्रम; पण दोन यमुना कोठे लुप्त झाल्या, हे कोणी विचारिले नाही. म्हणून देवत्व चढविण्यास माझाही विरोध आहे. मात्र अंबा या शब्दाचा जो अर्थ वर काढला, तो देवत्वाचा नव्हे. पाणिनीचे ऱ्हस्व संबोधन देव्हाऱ्यातील मूर्तीचे नाही. भुकेल्या, घाबरलेल्या बालकाचे आहे. त्यात पूजा नाही, अवलंबन आहे. ज्याच्यावर आपण अवलंबून आहो, त्यास नष्ट करून त्याची पूजा करीत राहणे ही जी भोंदूगिरी, ती या अर्थाच्या अगदी उलट आहे.

तेव्हा नाव ठेवणाराचे ऋण कसे फिटते, याचा विचार केला तर उत्तर फार साधे आहे. योगेश्वरीच्या कथेतच ते दडलेले आहे. तिचे लग्न मोडले, पण तिला कोणी टाकले नाही. तिला लग्नाने अथवा पुत्राने पुरती केल्यावाचून लोकांनी तिला आई म्हटले आणि तिच्याभोवती गाव वसविले. हेच घरातील मुलीच्या बाबतीत करावयाचे. तिचे लग्न लवकर उरकण्याची घाई न करता तिला शिकू द्यावे. तिने मुलगा दिला की नाही, यावर तिची किंमत करू नये. तिच्या देहावर शस्त्र चालण्यापूर्वी तिला कारण समजावून सांगावे. तिच्या श्रमाचा दाम तिच्या नावावर लिहावा, कोयत्याच्या नावावर नव्हे. यांतील एकही गोष्ट मोठी नाही, आणि एकही गोष्ट मुलीने स्वतःच्या बळावर करण्याजोगी नाही. सर्व हाक मारणाराने करावयाच्या आहेत.

मार्गशीर्षात आणि आश्विनात अंबाजोगाईस नवरात्राची गर्दी होते. बीड जिल्ह्यातील गावागावांतून बाया येतात, त्यांत फडावर निघालेल्याही असतात, आणि देवळात आई म्हणून जी हाक उठते ती खरी असते, याविषयी मला शंका नाही. शंका एवढीच आहे की, तेच तोंड घरी जाऊन सुनेस काय म्हणते, नातीच्या जन्मास काय म्हणते. अंबा हे नाव मुलीस शोभते की नाही, हे मुलीकडे पाहून ठरणार नाही. ते ठेवणारांकडे पाहून ठरेल; आणि बीडच्या पुढील जनगणनेत दर हजारास किती, हा जो आकडा येईल, तो या नावाच्या अर्थावरचा आपला अभिप्राय म्हणून वाचावा लागेल.